वाड्याच्या कोरीव दाराची दुरुस्ती: पॉलिश सगळ्यात शेवटी

जुन्या नाशकात हे हमखास घडतं. पंचवीस वर्षं वाड्याच्या दाराकडे कुणी मान वर करून पाहिलेलं नसतं आणि अचानक घरात लग्न ठरतं. मग पंधरा दिवसांत सगळं उरकतं. कॉस्टिक सोड्यानं रंग काढतात, ग्राइंडरनं घासतात, फटींत लांबी (पुट्टी) भरतात आणि वर चकचकीत पॉलिश मारतात. मांडव निघेपर्यंत दार झकास दिसतं. पहिल्या पावसाळ्यात पॉलिशला फोड येतात, दुसऱ्या पावसाळ्यानंतर चौकटीच्या पायथ्याला बोट लावलं की ते आत जातं.

दोष पॉलिशवाल्याचा नसतो, क्रम उलटा लागलेला असतो. दार कुजतं खालून आणि आपण सुरुवात करतो वरच्या चकाकीपासून. खरा क्रम असा: आधी पाणी, मग कीड, मग सफाई, मग सांधे, मग लोखंड-पितळ आणि अगदी शेवटी तेल किंवा पॉलिश. दारांची तारीफ आणि पेशवाईचा इतिहास इथे नाही. घरच्या दारावर आणि नंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दारांवर हात काळे करताना जे चुकलं आणि जे जमलं, तेवढंच लिहितो.

पुढे जे शब्द येतील ते आधी सांगून ठेवतो. चौकट म्हणजे भिंतीत बसवलेला लाकडी सांगाडा. उंबरा खाली, गणेशपट्टी वर. उघडझाप होते ती झडप. मोठ्या झडपेत कापलेलं लहान दार म्हणजे दिंडी. आतून भिंतीच्या पोकळीत सरकणारा दांडका म्हणजे अडसर. जुन्या झडपांना बहुधा बिजागऱ्या नसतात. झडपेच्या कडेला वर-खाली चूळ, म्हणजे बाहेर आलेला खुंटा, काढलेली असते. खालची चूळ दगडातल्या किंवा लाकडातल्या खळग्यात फिरते आणि वरची चौकटीतल्या भोकात.

टप्पा 1: हंगाम आणि होकार

काम दिवाळीनंतर सुरू करा आणि गुढीपाडव्याच्या आत संपवा. पावसाळ्यात लाकूड पाणी पिऊन आडवं फुगतं, वैशाखात सुकून आकसतं. या दोन टोकांच्या मधल्या अवस्थेत सांधा बसवला तर तो दोन्ही ऋतू सोसतो. भर जुलैत दार घासतं म्हणून रंधा मारणं ही सगळ्यात महागडी चूक. आमच्या दाराला एका सुतारानं आषाढात रंधा मारला. दार मस्त लागायला लागलं. मार्चमध्ये दोन झडपांच्या मधून रस्त्यावरची रिक्षा दिसत होती.

शक्य असेल तर एक वर्ष आधीच माप घ्या. श्रावणात आणि चैत्रात, दोन झडपांमधल्या फटीत जुनी पोस्टकार्डं सरकवून बघा. किती कार्डं मावली ते लिहून ठेवा. तुमचं दार किती हलतं, हे त्या दोन आकड्यांइतकं नेमकं कुणीच सांगू शकणार नाही.

होकाराचंही आताच उरका. वाडा सहसा एकट्याचा नसतो. चुलतभाऊ, आत्या आणि दोन पिढ्यांचे भाडेकरू यांना आधी विचारा, नाहीतर अर्ध्यावर काम थांबतं आणि रंग काढलेलं उघडं लाकूड पावसाळा काढतं. इमारत महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर दर्शनी बाजूला हात लावण्याआधी परवानगी लागते. सरकारवाड्यासारख्या राज्य संरक्षित वास्तूत तर खाजगी दुरुस्तीचा प्रश्नच येत नाही.

इशारा: अमेरिकेतला एखादा भाचा “दार मला पाठवा, हॉलमध्ये लावतो” म्हणाला तर आधी 1972 चा पुरावशेष कायदा वाचायला सांगा. इमारतीपासून सुटी केलेली, शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. भंगारवाल्याला दार विकणारेही बहुतेकदा या कायद्याबाबत अंधारातच असतात.

टप्पा 2: हात लावण्याआधी नोंद

या टप्प्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो आणि पुढे पस्तावतातही सगळेच.

एक फोटो दिवसा, समोरून, शेजारी मोजपट्टी धरून काढा. दुसरा रात्री, सगळे दिवे बंद करून, टॉर्च दाराला जवळपास चिकटवून एका बाजूनं प्रकाश पाडत काढा. तिरक्या उजेडात कोरीव कामाची प्रत्येक पाकळी, प्रत्येक चीर आणि जुन्या रंगाखाली बुजलेली रेघ उठून दिसते. आमच्या गणेशपट्टीवर दोन बाजूंना मोर आहेत हे मला अशा फोटोत पहिल्यांदा कळलं. तोवर रंगाच्या थरांखाली ती नुसती वेलबुट्टी वाटत होती.

मग कागदावर दाराची कच्ची आकृती काढा. तिच्यावर तीन गोष्टी तीन रंगांनी दाखवा: मऊ झालेलं लाकूड, हलणारे सांधे, तुटलेली किंवा हरवलेली नक्षी. सुटी होणारी प्रत्येक फुली (दारावर ठोकलेलं धातूचं फूल), कडी, कोयंडा, खिळा वेगळ्या पाकिटात घाला आणि पाकिटावर जागा लिहा: “डावी झडप, वरून तिसरी ओळ, दुसरी”. एकसारख्या दिसणाऱ्या फुल्या एकसारख्या नसतात. प्रत्येक हातानं ठोकलेली असते आणि आपल्याच भोकात नीट बसते.

टप्पा 3: पाणी कुठून येतं ते शोधा

जुन्या गावठाणात दाराचा पहिला शत्रू रस्ता असतो. डांबरावर डांबर, त्यावर काँक्रीट असं होत होत रस्ता वर येतो आणि एकेकाळी दोन पायऱ्या चढून जायचं ते जोतं रस्त्याला टेकतं. मग प्रत्येक सर उंबऱ्याला भिजवते. रस्त्यावर बादलीभर पाणी ओतून बघा. ते उंबऱ्याकडे वळलं तर दाराआधी तिथे उतार काढा, नाहीतर जाळीची चर खणा.

दुसरा शत्रू वर असतो. पागोळ्या थेट उंबऱ्यासमोर पडून खालून चिखल उडवतात. फुटकं पन्हाळं गणेशपट्टीच्या मागच्या भिंतीत पाणी मुरवतं. नव्या काळात वरच्या मजल्यावरच्या एसीची नळीही यात आली.

तिसरा शत्रू आपण हौसेनं आणतो: सिमेंट. चौकट आणि दगडी भिंत यांच्यामधली फाट सिमेंटनं घट्ट बुजवली की लाकडात शिरलेल्या ओलीला बाहेर पडायची वाट उरत नाही. चौकटीभोवतीचं सिमेंट दोन बोटं रुंदीनं हळूहळू छिन्नीनं काढा आणि तिथे चुन्याचा गिलावा भरा. उंबऱ्यावर चिकटवलेली फरशीही काढा. ती काढल्यावर खाली काय दिसेल याची मनाची तयारी ठेवा.

तपासा: ही कामं झाल्यावर पाइपनं दहा मिनिटं समोरच्या रस्त्यावर पाणी सोडा. उंबरा कोरडा राहिला तर पुढे चला. भिजला तर थांबा. पुढचा सगळा खर्च पाण्यात जाणार आहे, अगदी शब्दशः.

टप्पा 4: वाळवी की भुंगा?

दोन्हीला सरसकट “कीड लागली” म्हणतात आणि एकच औषध मारतात. वाळवी जमिनीतून येते, मातीच्या बोगद्यातून चढते आणि लाकूड आतून पोकळ करते. वरचा पापुद्रा शाबूत राहतो. भुंगा लाकडातच जन्मतो. बाहेर पडताना तो गोल बारीक भोकं ठेवतो आणि खाली पिठासारखा भुगा सांडतो.

दाभण घ्या. उंबऱ्यापासून वीतभर उंचीपर्यंत चौकटीच्या दोन्ही पायांना चारही बाजूंनी टोचत जा. चांगल्या सागात दाभण जेमतेम टोकानं रुतते. कुजलेल्या किंवा पोखरलेल्या लाकडात ती लोण्यात गेल्यासारखी जाते. जिथे गेली तिथे खडूनं वर्तुळ करा. जुन्या सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण कडेचा फिकट, कच्चा भाग देतो. म्हणून वाळवी अनेकदा फळीच्या एकाच कडेनं सरळ रेषेत वर गेलेली सापडते.

वाळवीचा उपाय जमिनीत आहे. जोत्याच्या कडेनं भोकं पाडून औषध सोडणाऱ्या परवानाधारक माणसाकडूनच ते करून घ्या. बोगदा झाडूनं पुसून टाकला म्हणजे वाळवी गेली असं नाही, ती शेजारून दुसरा काढते.

भुंग्यासाठी, आणि बचाव म्हणूनही, टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडरचं पाणी चांगलं चालतं. लिटरभर कोमट पाण्यात साधारण 60 ग्रॅम टाकणखार आणि 40 ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा. हातमोजे घाला, मुलं आणि मांजरं लांब ठेवा. मात्र हे पाणी फक्त उघड्या लाकडात शिरतं, रंगावरून नुसतं ओघळून जातं. म्हणून ते आत्ता बनवू नका, सातव्या टप्प्यानंतर वापरायचं आहे.

इशारा: जळकं ऑइल, डिझेल, रॉकेल लावू नका. “आमच्या आजोबांनी लावलं होतं” हे खरं असेल, पण त्यानं लाकूड काळं पडतं, पुढे कुठलंच तेल नीट धरत नाही आणि वाड्यासारख्या लाकडी घराच्या तोंडाशी तुम्ही ज्वलनशील पदार्थ मुरवून ठेवता.

टप्पा 5: झडप उतरवायची का?

शक्यतो नाही. दोन मीटर उंच, पाऊण मीटर रुंद, पाच सेंटिमीटर जाड सागाची एक झडप नुसत्या लाकडाचीच पन्नास किलोच्या आसपास भरते. लोखंड वेगळं. ती तिरकी झाली की सगळा भार एका चुळीवर येतो आणि चूळ मोडते. चूळ मोडली की झडपेच्या कडेची सबंध फळी गेली.

खालची चूळ झिजून झडप खाली बसली असेल किंवा फळ्या सुट्या झाल्या असतील तरच उतरवा. चार माणसं, खाली पोत्यांची गादी आणि पहारीखाली लाकडी ठोकळा हवा. पहार थेट झडपेला लावू नका. वरचं भोक असलेला तुकडा चौकटीतून सुटा होतो का ते आधी पाहा. अनेक दारांत तो मुद्दाम काढण्याजोगा केलेला असतो, पण रंगाच्या थरांनी बुजून जातो.

टप्पा 6: कोरडी सफाई, मग ओशट थर

वरून खाली या. मऊ केसांचा ब्रश, बांबूच्या बारीक काड्या, जुने दात घासायचे ब्रश आणि धोतराच्या सुती चिंध्या एवढ्यावर निम्मं काम होतं. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडाला पातळ फडकं बांधा. सुटलेली एखादी पाकळी आत गेली तर फडक्याला अडकते. नक्षीच्या खोबणीत कुंभारमाशीची मातीची घरं सापडतील. ती कोरडी असतानाच काडीनं उचला. भिजवलीत तर चिखल होऊन खोल जातो.

मग हाताला लागणारा काळा ओशट थर. कडीभोवती, दिंडीच्या कडेला आणि उंबऱ्यावर तो सगळ्यात जाड असतो: पिढ्यान्‌पिढ्यांचे हात, दिव्याचं तेल, हळद-कुंकू. सौम्य साबणाचे दोन-चार थेंब कोमट पाण्यात टाका, फडकं बुडवून घट्ट पिळा आणि वीतभर जागा पुसा. लगेच स्वच्छ पिळलेल्या फडक्यानं पुसा, लगेच कोरडं करा, मग पुढची वीत. फडक्यातून पाणी ठिबकत असेल तर ते जास्त ओलं आहे. गाड्या धुण्याच्या दुकानातला प्रेशर पंप दाराजवळ आणूही नका.

टप्पा 7: रंग काढणं

सगळ्यात जास्त दारं इथेच मरतात. म्हणून इथे जरा थांबू.

पहिला प्रश्न असा: वर आहे तरी काय? दाराच्या आतल्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढ्या जागी तपासा. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन चोळा. थर चिकट होऊन बोळ्यावर तपकिरी उतरला तर ते चपड्याचं (लाखेचं) पॉलिश आहे. टर्पेंटाइननं मऊ झाला तर मेण किंवा साचलेलं तेल. दोन्हींनी ढिम्म हलला नाही तर तो ऑइलपेंट किंवा आधुनिक वार्निश.

दुसरा प्रश्न: काढायलाच हवा का? त्याच कोपऱ्यात इंचभर चौकोनात एकेक थर हलक्या हातानं खरवडत लाकडापर्यंत जा. कधी कधी चॉकलेटी, हिरवा, पुन्हा चॉकलेटी अशा थरांच्या तळाशी पातळ मूळ रंग निघतो. तो कोरीव कामाशी जुळून बसलेला असेल तर त्याच्यावरच थांबा. सगळं “नॅचरल” दिसलं पाहिजे ही आपल्या काळाची आवड आहे.

तिसरी गोष्ट आरोग्याची. भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या आत ठेवायचा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं आहे असं धरूनच चाला. म्हणजे कोरडं घासणं बंद. एन-95 मास्क, जमिनीवर प्लास्टिक, कामाचे कपडे वेगळे आणि घरातली लहान मुलं व गरोदर बाई तेवढे दिवस दुसऱ्या दारानं. खरवडलेला रंग अंगणात झाडू नका, पिशवीत बांधून ठेवा.

आता पद्धत. जेलसारखं घट्ट पेंट रिमूव्हर घ्या. डब्यावरच्या सूचना वाचा आणि दार-खिडक्या उघड्या ठेवून काम करा. ब्रशनं एकाच दिशेनं जाड थर द्या, पुन्हा पुन्हा फिरवू नका. वर पातळ प्लास्टिक लावून डब्यावर सांगितलेला वेळ थांबा. सपाट जागेवर बोथट पत्र्यानं उचला, पण नक्षीत लोखंड नेऊ नका. बांबूच्या काड्या हव्या त्या आकारात तासून घ्या: एक चपटी, एक टोकदार, एक गोल. रंग निघत नसेल तर जोर लावू नका, दुसरा हात द्या. शेवटी टर्पेंटाइननं पुसा.

वेग? माझ्या हातानं दाट नक्षीचा हातभर तुकडा एका दिवसात होतो. कुणी म्हणाला की दोन दिवसांत अख्खं दार मोकळं करून देतो, तर तो काय वापरणार आहे ते आधी विचारा.

तो बहुधा कॉस्टिक वापरणार असतो. माझी स्वतःची चूक सांगतो. आमच्या दिंडीवर मी हौसेनं कॉस्टिकचं पाणी फिरवलं. रंग अर्ध्या तासात सुटला, मी खूश. वाळल्यावर लाकूड कोळशासारखं काळपट झालं आणि बोट फिरवलं की तंतू उभे राहिलेले जाणवत होते. कॉस्टिक लाकडाच्या आत राहतं, धुऊन पूर्ण जात नाही. पुढे वर दिलेलं प्रत्येक तेल ते खालून फोडत राहतं. त्या दिंडीवर आजही एक चिकट डाग आहे. पाहुण्यांना तो कुंकवाचा वाटतो, मी तसं वाटू देतो.

ग्राइंडर, तारेची चकती, वाळूचा मारा या तिन्हींबद्दल एकच वाक्य: नक्षीची धार ही काही मिलिमीटरची गोष्ट असते आणि गेलेली धार परत येत नाही. हीटगननं बारीक कडा आधी जळतात आणि शिशाची वाफ वेगळीच. पॉलिशपेपर वापरायचाच तर सपाट भागावर, बारीक नंबरचा, किंचित ओला करून आणि रेषेच्या दिशेनं.

तपासा: उघडं लाकूड आठवडाभर सावलीत, वाऱ्यावर सुकू द्या. आता चौथ्या टप्प्यातलं बोरिकचं पाणी ब्रशनं दोनदा लावा, मध्ये एक दिवस सोडून. कडा, चुळी, चौकटीचे पाय आणि फळ्यांची आडवी कापलेली टोकं विसरू नका. पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं. पुन्हा आठवडाभर वाळवा.

टप्पा 8: सांधे, ठिगळं आणि फटी

फटीपासून सुरू करू, कारण हात शिवशिवतात ते तिथेच. झडपेतल्या फळ्यांमधली उन्हाळ्यातली फट ही दुखापत नाही, लाकडाला फुगायला ठेवलेली जागा आहे. झडपेच्या सांगाड्यात बसवलेली कोरीव फळी खाचेत सैल असते तीही मुद्दाम. तिथे लांबी, एम-सील किंवा फेविकॉल आणि भुसा ठोसून भरलात तर श्रावणात फुगणारी फळी मागे सरकू शकत नाही आणि नक्षीच्या मधूनच चिरते. आवाजासकट. रात्री बंदुकीसारखा फटाक आवाज आला असं सांगणारे दोघे तरी मला भेटलेत.

हलणाऱ्या फटी सोडून द्या. वारा येतो म्हणून तक्रार असेल तर आतून एका कडेला कापडाची पट्टी लावा.

कुजलेला चौकटीचा पाय मात्र बदलावा लागतो. संपूर्ण खांब नको. दाभण जिथे अडते त्याच्या वर चार बोटं चांगल्या लाकडात तिरका काप घ्या आणि तेवढाच नवा तुकडा जोडा. नवा म्हणजे जुना: पाडलेल्या वाड्यांचा साग जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतो. तो पुरेसा सुकलेला असतो आणि ओळखीच्या पोताचा असतो. रेषा खांबाच्या रेषेला समांतर ठेवा. कुसू (खाचेत बसणारी जीभ) काढून पाचर मारून बसवला तर खिळ्यांची गरजच पडत नाही. त्याआधी गणेशपट्टीखाली टेकू लावा, वरच्या भिंतीचं वजन तिच्यावर आहे. हे काम वाड्याच्या लाकूडकामात मुरलेल्या सुताराचंच. मॉड्युलर किचन करणाऱ्या चांगल्या माणसालाही ते जमेलच असं नाही.

दार खाली टेकत असेल तर झडप तासण्याआधी ओळंबा धरा. दहापैकी बहुतेक वेळा चौकट कललेली असते किंवा खालची चूळ झिजलेली असते. चुळीच्या खळग्यात पितळेची जाड चकती टाकली की झडप उचलली जाते आणि रंध्याची गरज संपते.

तुटलेल्या नक्षीबाबत माझं मत थोडं कडक आहे. दुसऱ्या बाजूला तोच घटक शाबूत असेल तर त्याचं माप घेऊन नवा कोरवा. नसेल तर ती जागा साधी ठेवा, साध्या तुकड्यानं भरा. अंदाजानं कोरलेला मोर कोंबडा होतो.

टप्पा 9: लोखंड आणि पितळ

हातानं घडवलेले खिळे मागे वळवून ठोकलेले असतात. ते उपटू नका. पुढून फुली आणि मागून वळवलेलं टोक मिळून फळ्या धरून ठेवतात. गंज आलेला असेल तर आजूबाजूच्या लाकडावर जाड कागदाची चिकटपट्टी लावून फक्त लोखंड तारेच्या ब्रशनं घासा, भुकटी पुसा आणि मेणाचा पातळ हात द्या. लाकडावर स्टीलवूल वापरू नका. त्याचे तुटके तंतू लाकडात अडकून गंजतात आणि पावसाळ्यात काळे ठिपके उमटतात. खिळ्यांभोवती आधीच पडलेले काळे डाग राहू द्या, ते काढायच्या नादात लाकूड खरवडलं जातं.

पितळी फुल्या आणि कड्या सुट्या होत असतील तरच चिंचेनं घासा. दारावर असताना नको. आंबट पाणी ओघळून लाकडावर हिरवट पट्टे पडतात, आणि पावडर वापरली तर ती नक्षीत पांढरी होऊन बसते. दारावरच्या पितळाला कोरडं फडकंच पुरे. जिथे नवा स्क्रू लागेल तिथे पितळेचा घ्या, आधी गिरमिटानं भोक पाडा.

टप्पा 10: तेल, मेण

आता कुठे ते, ज्यापासून लोक सुरुवात करतात.

रस्त्याच्या बाजूला मेलामाइन किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) जाड काचेसारखा थर नको. तो लाकडाबरोबर हलत नाही. उन्हानं तडकतो, तडीतून पाणी शिरतं आणि आत अडकतं. नक्षीच्या खोबणी भरून बोथट होतात त्या वेगळ्याच. चपड्याचं पॉलिश सुंदर दिसतं, पण पाण्यानं पांढरं पडतं, म्हणून ते आतल्या दारांना.

बाहेर साधं उकळलेलं जवसाचं तेल. हार्डवेअरच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मागा, कच्चं घेतलंत तर दार कितीतरी दिवस चिकट राहील. पहिल्या हाताला तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं. ब्रशनं लावा, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं फडक्यानं पुसून काढा. पुसणं हेच खरं काम आहे. खोबणीत साचलेलं तेल वाळत नाही, धूळ धरतं आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. दोन-तीन दिवस वाळवून असे तीन हात द्या, दर वेळी टर्पेंटाइन कमी करत.

शेवटी मेण. मधमाश्यांचं मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, गॅस बंद करा, भांडं घराबाहेर न्या आणि मग त्यात सुमारे चौपट टर्पेंटाइन मिसळा. गार झाल्यावर मलमासारखं होतं. फडक्यानं पातळ लावा, दुसऱ्या दिवशी चोळा.

इशारा: जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं आणि ढिगातली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा दोरीवर एकेक सुटी वाळवा.

आणि घरातलं गोडेतेल, खोबरेल तेल लावू नका. ती तेलं सुकत नाहीत. दार आठ दिवस चमकतं, मग खवट वास येतो आणि अख्ख्या गल्लीची धूळ तुमच्या दारावर बसते.

पूर आला तर

गोदाकाठच्यांसाठी हे वेगळं लिहितो. 2008, 2016 आणि 2019 मध्ये सराफ बाजार, भांडी बाजार भागात पाणी शिरलं ते अनेकांना आठवत असेल. नदीपात्रातल्या ज्या मूर्तीवरून नाशिककर पुराची पातळी ओळखतात, त्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याच्या वर पाणी गेल्याची बातमी आली की झडपा उघडून भिंतीला बांधून ठेवा. बंद दार पाण्याचा रेटा अंगावर घेतं आणि चुळी मोडतात. आतलं सामान आधीच वर गेलेलं असावं, हे सांगायला नकोच.

पाणी ओसरलं की दारावरचा गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याच्या हलक्या धारेनं आणि मऊ ब्रशनं काढा. वाळलेला गाळ नक्षीत वाळूच्या कागदासारखं काम करतो. मग सावली आणि वारा. हीटर, हॅलोजन, भर उन्हात झडप टेकवून ठेवणं, काही नको. घाईनं सुकवलेली फळी पिळवटते. आतून सुकायला महिने लागतात, म्हणून त्या वर्षी तेलाचा हात नाही. दाभण घेऊन दिवाळीनंतर चौथ्या टप्प्यावर परत या.

दरवर्षीचं

पावसाळ्याआधी पन्हाळं आणि चर साफ करा. पावसाळ्यानंतर चौकटीचे पाय दाभणीनं तपासा, खाली भुगा सांडलाय का बघा. लाकूड कोरडं, भुरकट दिसू लागलं की फक्त तेवढ्या भागाला तेलाचा एक पातळ हात द्या. उन्हाच्या बाजूची झडप दुसरीपेक्षा लवकर मागते.

केबलवाला, वीजवाला आणि नावाची पाटी लावणारा, तिघांनाही चौकटीत खिळा मारू देऊ नका. बाजूला भिंत आहे.

आणि दसरा. आमच्या गणेशपट्टीतून मी तोरणाचे एकोणतीस खिळे मोजले, दर वर्षी एक नवा, जुना तसाच आत मोडलेला. आता दोन्ही बाजूंच्या भिंतीत एकेक हूक आहे आणि मध्ये पितळी तार. आंब्याची पानं आणि झेंडू त्या तारेला बांधतो.